गौरीपुढचे निळे ताट

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला आपण ज्या गणरायाची स्थापना करतो तो पार्थिव, म्हणजे पृथ्वीपासून घडलेला, मातीचा. त्याच्या मागोमाग अनुराधा नक्षत्रावर येणारी ज्येष्ठा गौर कोठे मुखवट्याची असते, कोठे तेरड्याच्या रोपांची, तर कोठे पाणवठ्यावरून मुक्याने आणलेल्या पाच-सात खड्यांची. माती, पाने आणि दगड एवढ्या साध्या सामग्रीवर आपल्या पूर्वजांनी या सणाचा सारा डोलारा उभा केला. अशा या मातीच्या देवापुढे मातीचेच एक ताट मांडावे की मांडू नये, असा प्रश्न गेल्या काही वर्षांत मला अनेक घरांतून विचारण्यात आला. मातीचे खरे, पण साता समुद्रांपलीकडून आलेले. चीन देशात घडलेले, शंभर-दीडशे वर्षांचे जुने, पांढऱ्याशुभ्र अंगावर निळ्या रंगाची वेलबुट्टी असलेले ताट.

उत्सवात कीर्तनसेवेच्या निमित्ताने वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर या बाजूस माझे प्रतिवर्षी जाणे होते. खाडीपलीकडचे हे नवे नगर वसवण्यासाठी १९७० साली सिडकोची स्थापना झाली. पुढे गिरगाव-दादरहून, कोकणातून, घाटावरून आलेल्या कुटुंबांनी येथे संसार मांडले. सदनिका आटोपशीर, देवघर भिंतीतल्या कोनाड्याएवढे. त्यामुळे सणाच्या दिवशी जेवणाचे टेबलच भिंतीशी सरकवून त्यावर गौर बसते, आणि तिच्यापुढे फराळाची मांडणी होते. पूर्वी या मांडणीला थर्मोकोलची मखरे असत. २०१८ साली राज्यात थर्मोकोलवर बंदी आली आणि मंडळींनी इतर साहित्याकडे नजर वळवली. कोणी फुले आणली, कोणी पैठण्या सोडल्या; आणि ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांपासून चालत आलेली चिनी ताटे, वाडगे, फुलदाण्या होत्या, त्यांनी त्या कपाटातून काढून गौरीच्या दोन्ही अंगांस उभ्या केल्या. ज्यांच्याकडे नव्हत्या त्यांच्यापैकी काहींनी मुंबईच्या चोरबाजारातील मटण स्ट्रीट गाठला.

मांडणी सुरेख दिसते, यात संशय नाही. परंतु घरोघरी तिच्यावरून दोन तट पडलेले दिसतात. वडीलधाऱ्या स्त्रिया म्हणतात, चिनी माती सोवळ्यात चालत नाही. नव्या सुना म्हणतात, घरातली सर्वांत सुंदर वस्तू देवापुढे मांडायची नाही तर कोणापुढे? दोघींचेही म्हणणे आदराने ऐकून घेण्याजोगे आहे. तरीही वादाचा खरा मुद्दा या दोन्ही बोलण्यांच्या बाहेर राहून जातो, असे माझे नम्र मत आहे.

चीनचे नाव आपल्या पूजेत

प्रथम ‘परकी वस्तू’ या आक्षेपाचा विचार करू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चीनपट्टाचा, म्हणजे चीन देशच्या रेशमी वस्त्राचा उल्लेख आहे. कालिदासाच्या शाकुंतलात पहिल्या अंकाच्या अखेरीस दुष्यंताचे मन मागे ओढ घेते, तेव्हा त्याला उपमा सुचते ती वाऱ्याविरुद्ध नेल्या जाणाऱ्या ध्वजाच्या चीनांशुकाची. संस्कृत कोशांत शेंदराला चीनपिष्ट असे एक नाव आहे, आणि कापराच्या एका प्रकाराला चीनकर्पूर. म्हणजे ज्या शेंदराने आपण गजाननाचे अंग माखतो आणि ज्या कापराने त्याची आरती करतो, त्यांच्या नावांतही चीन देश वास करून आहे. नेसायला रेशीम, लावायला शेंदूर आणि उजळायला कापूर चालतो, मग ताट तेवढे परके कसे?

ताटांचा प्रवासही आजकालचा नाही. आपल्या चौल-रेवदंड्याच्या परिसरात, उत्तरेस संजाण येथे आणि जुन्या गोव्यातील संत ऑगस्टीनच्या मठाच्या अवशेषांत चिनी भांड्यांची खापरे सापडली आहेत. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतले, १५५७ च्या सुमारास मकावला ठाणे वसवले. त्यानंतर मकावची गलबते गोव्याच्या बंदरात चिनी भांडी उतरवीत राहिली. विजापूरच्या आदिलशाहीतील चिनी भांडी आजही गोलघुमटाजवळच्या संग्रहालयात पाहावयास मिळतात. दौलताबादच्या किल्ल्यात गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन ज्या वास्तूत कैदेत होता, तिला निळ्या-पांढऱ्या फरश्यांमुळे ‘चिनी महाल’ म्हणतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतून आलेली चिनी भांडी आहेत. नवी मुंबईकरांनी मुलाबाळांना घेऊन ती एकदा अवश्य पाहावीत. घरच्या ताटाचे मोल बाजारभावाहून निराळ्या मापाने कसे करावे, हे तेथे कळते.

आणि वाचकहो, सर्वांत जवळचा पुरावा तर प्रत्येकाच्या फडताळात आहे. लोणच्याची बरणी! मिठाने आणि आंबटाने पितळ-तांब्याला कळक येते, म्हणून आपल्या आज्या-पणज्यांनी चिनी मातीच्या बरणीला स्वयंपाकघरात मानाची जागा दिली. कपबशीला माजघराचा उंबरठा ओलांडू न देणाऱ्या घरांतही बरणीला दादरा बांधून आत ठेवलेली असे.

शास्त्राचा कौल

आता शुद्धाशुद्धतेचा प्रश्न. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात द्रव्यशुद्धीचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातही हाच विषय आला आहे. त्यांचा सारांश असा: सोन्याचे, रुप्याचे, शंख-शिंपल्यासारखे पाण्यात जन्मलेले आणि दगडाचे भांडे चिकटा लागलेला नसेल तर नुसत्या पाण्याने शुद्ध होते. मातीचे भांडे मात्र विटाळले तर पुन्हा भट्टीत घालावे लागते. असे का? कारण साधे मडके सच्छिद्र असते. जे घालाल ते पोटात शोषून घेते. स्मृतिकारांनी हा नियम केला तेव्हा चकचकीत चिनी भांडे त्यांच्यापुढे नव्हते. तेव्हा आपण नियमाचे कारण पाहावयास हवे.

चीनच्या जिआंगशी प्रांतातील जिंगदेझेन या गावी ही भांडी शतकानुशतके घडत आली. काओलिन नावाची पांढरी माती आणि कुटलेला एक विशिष्ट दगड यांचे मिश्रण करून ते सुमारे तेराशे अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजतात. त्या आचेत माती काचेसारखी एकजीव होते, पाणी शोषण्याचा धर्म टाकते आणि टिचकी मारली असता घंटेसारखा नाद करते. गुणाने ती मडक्यापासून दूर गेली आणि शंखाच्या व दगडाच्या पंक्तीस बसली. गंमत अशी की, युरोपातील लोकांनाही ती पाहून शिंपल्याचीच आठवण झाली. ‘पोर्सेलीन’ हा शब्द इटालियन भाषेतील कवडीच्या नावावरून आला आहे. तुळजाभवानीचे आराधी जी कवड्यांची माळ गळ्यात घालतात, त्या कवडीची झळाळी या ताटाला आहे. म्हणून माझा कौल असा की, अखंड, स्वच्छ धुतलेले चिनी ताट सणाच्या मांडणीत अशुद्ध मानण्याचे कारण नाही. ज्यांचा कुळाचार निराळा असेल त्यांनी तो अवश्य पाळावा. ताटात केळीचे पान घालून त्यावर नैवेद्य वाढला की दोन्ही बाजू राखल्या जातात.

येथे तीन सावधगिरीच्या गोष्टी सांगणे मी कर्तव्य समजतो. पहिली, सर्वच पांढरी भांडी एका जातीची नसतात. ‘बोन चायना’ म्हणून जे मिळते ते अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात रूढ झाले आणि त्याच्या मातीत जनावरांच्या हाडांची राख मिसळलेली असते. परंपरागत कृतीत तर जवळजवळ निम्मी. नावात चायना असले तरी जुन्या चिनी ताटाशी त्याचा संबंध नाही. देवाच्या नैवेद्याला ते वापरू नये, हे वेगळे सांगावयास नको. दुसरी, तडकलेले किंवा तारेचे टाके घालून सांधलेले ताट शोभेला ठेवावे, त्यात खाऊ नये. फुटक्या भांड्यात जेवू नये असे स्मृती सांगते, आणि भेगेत मळ साचतो हे कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे. तिसरी, झिलईवरून गुलाबी, हिरवे, सोनेरी रंग चढवलेल्या जुन्या ताटांच्या रंगांत शिसे असते. पंचामृत, दही, कोशिंबीर, पन्हे असे आंबट पदार्थ त्यांत घालू नयेत. करंज्या, लाडू, शंकरपाळे मांडावयास हरकत नाही, मात्र खाली पान घालावे. तांब्याच्या भांड्यात दूध-दही ठेवू नये हा आपल्याकडचा जुना दंडक आहेच. त्याच पंक्तीत हाही बसवावा.

खरा विटाळ कोणता?

भांड्याची शुद्धी अशी पाण्याने होते. परंतु ज्या पाचव्या अध्यायात मनूने भांड्यांची शुद्धी सांगितली, तेथेच त्याने आणखी एक गोष्ट सांगितली आहे, आणि ती आपण सोयीस्करपणे विसरतो. सर्व प्रकारच्या शुद्धींमध्ये अर्थशौच, म्हणजे धनाच्या बाबतीतील शुचिता श्रेष्ठ. जो धनव्यवहारात शुद्ध तोच शुद्ध, माती-पाण्याने अंग घासणारा नव्हे, असा त्याचा आशय आहे. माझ्या मते गौरीपुढच्या ताटाला लावण्याची खरी कसोटी ही आहे.

ही ताटे आपल्या किनाऱ्यावर कशी आली, ते पाहा. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८४२ पर्यंत परदेशी व्यापाऱ्यांना चीनमध्ये कँटन या एकाच बंदरात व्यापाराची मुभा होती. मुंबईहून गलबते कापूस घेऊन जात, आणि पुढे वाढत्या प्रमाणात अफू. ही अफू माळव्याची, म्हणजे शिंदे-होळकरांच्या मुलखात पिकलेली. येताना गलबते चहा, रेशीम, साखर आणि चिनी भांडी आणीत. भांडी वजनदार आणि पाण्याने न बिघडणारी, म्हणून ती गलबताच्या तळाशी रचत आणि चहाच्या पेट्या वर ठेवीत. सर जमशेटजी जीजीभाई यांनी तरुणपणी चीनच्या पाच सफरी केल्या आणि या व्यापारात अपार धन मिळवले. त्यांच्या दानातून उभी राहिलेली रुग्णालये आणि शाळा मुंबईला आजही उपयोगी पडत आहेत. या व्यापारात पारशी होते, तसेच मारवाडी, गुजराती, कोकणी मुसलमान, पोर्तुगीज असे सर्व धर्मांचे लोक होते. आणि पलीकडे चीनमध्ये त्याच अफूने लाखो संसार धुळीस मिळवले. तिच्यापायी १८३९ ते १८४२ असे युद्ध झाले.

मग काय ही ताटे खाडीत बुडवावीत? मुळीच नाही. पणजोबांच्या कर्माचा हिशेब पणतवंडाकडे मागणे न्यायाचे नव्हे, आणि प्रत्येक ताट अफूच्याच पैशाचे असेही नाही. परंतु ताट मांडताना त्याची कथा मुलांना सांगावी. ‘किती सुंदर’ एवढ्यावर न थांबता ‘कोणाच्या कष्टाने, कोणाच्या दुःखावर’ हेही सांगावे. आणि त्या ताटातून सणाच्या दिवशी काही दान द्यावे. व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला दिले तर फारच उचित. वारशाने आलेल्या वस्तूची शुद्धी करण्याचा याहून चांगला विधी मला ठाऊक नाही.

ज्यांना ताट नव्याने विकत घ्यावयाचे आहे त्यांच्यासाठी कसोटी अधिक कडक आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांपूर्वीच्या अशा वस्तूंचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. तेव्हा परवानाधारकाकडून, रीतसर पावती घेऊन वस्तू घ्यावी. भावाभावांच्या वाटणीच्या भांडणात गुपचूप बाहेर पडलेले ताट स्वस्त मिळाले म्हणून गौरीपुढे मांडू नये. कर्ज काढून तर मांडूच नये. आणि घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईचा पगार ‘सणानंतर बघू’ म्हणून थकवला असेल, तर त्या घरी माझ्या दृष्टीने ताटाला विटाळ झालेलाच आहे. तो पाण्याने जाणार नाही.

नव्या मालाबद्दलही एक शब्द. नवी मुंबईच्या दारातच न्हावा-शेवा बंदर आहे. १९८९ साली ते सुरू झाले, आणि आज तेथून उतरणाऱ्या पेट्यांत जुन्या नमुन्यांची नवी चिनी भांडीही असू शकतात. गलवानच्या २०२० मधील घटनेनंतर अनेकांच्या मनात चिनी मालाविषयी अढी आहे. ज्याने त्याने आपल्या विवेकाला विचारून ठरवावे. माझा आग्रह इतकाच की, नवे ताट नवे म्हणून मांडावे. नवे घेऊन ‘आमच्या खापरपणजीचे’ म्हणून पाहुण्यांना सांगणे हे देवाच्या साक्षीने केलेले असत्य आहे.

सत्तर हात आणि घरचे हात

दांत्रकोल नावाचा एक फ्रेंच धर्मोपदेशक जिंगदेझेनला जाऊन आला होता. १७१२ साली लिहिलेल्या पत्रात त्याने नोंदवले की, एक भांडे तयार होईपर्यंत सत्तर कारागिरांच्या हातांखालून जाते. कोणी माती मळणारा, कोणी चाकावर धरणारा, कोणी केवळ काठावरची रेघ ओढणारा, कोणी फक्त फुले काढणारा. त्यांतल्या एकाचेही नाव ताटावर नसते. पुढे हमालांनी पाठीवर घेऊन घाट ओलांडला, खलाशांनी समुद्र. इतक्या हातांतून आलेले ताट आपल्या घरी आले की त्याला हात लावायचा नाही, असा हुकूम सुटतो. सुनेने पुसायचे नाही, मुलांनी जवळ जायचे नाही, मोलकरणीने तर त्या बाजूला फिरकायचेही नाही. हळदीकुंकवाला आलेल्या सवाष्णीला कागदी बशीत फराळ, आणि निळे ताट रिकामे, भिंतीला टेकून! मला हे दृश्य खटकते. गौर माहेरवाशीण म्हणून येते. माहेरी आलेल्या लेकीला ‘कशाला हात लावू नकोस’ असे कोणी सांगेल काय?

एका घरची हकीकत सांगतो. हळदीकुंकवाच्या गर्दीत, कामाला येणाऱ्या बाईंच्या लहान मुलीचा धक्का लागून चार पिढ्यांची बशी खाली पडली आणि तिचे तुकडे झाले. क्षणभर सारे घर स्तब्ध झाले. पोर रडवेली. इतक्यात घरातल्या आजी कोचावरून उठल्या आणि म्हणाल्या, ‘‘अगं बाई, ती बशी राहू दे. आधी पाय बघू तुझा, लागलं तर नाही ना?’’ त्यांनी पोरीला जवळ बसवले, तिच्या हातावर लाडू ठेवला, आणि मग तुकडे वेचले. त्या वर्षी गौर पुजली गेली ती त्या क्षणी, अशी माझी श्रद्धा आहे.

तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनी मडकी पारखण्याचे थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले. इतर शांत राहिले, नामदेवराय तेवढे रागावले. आणि मडके कच्चे ठरले. चिनी भांड्याची पारखही अशीच टिचकी मारून करतात. अखंड असेल तर नाद निघतो, तडा असेल तर बद्द आवाज येतो. ताट हातातून निसटून फुटते तेव्हा गोरोबाकाकांचे थापटणे आपल्या घरावर पडत असते. त्या वेळी घरातून जो आवाज निघेल तीच घराची पारख.

पात्र आणि पात्रता

आपल्या भाषेत ‘पात्र’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. भांडे म्हणजे पात्र. नदी जिच्यातून वाहते तेही पात्र. आणि दान स्वीकारण्यास जो योग्य तोही पात्र. या सर्व अर्थांना एक धागा आहे: जे घेते आणि पुढे देते ते पात्र. सुदाम्याचे पोहे फाटक्या चिंधीत बांधलेले होते, आणि द्वारकेच्या सोन्याच्या ताटांदेखत भगवंतांनी ती चिंधी सोडली. वैभवाचा भगवंतांना तिटकारा होता म्हणून नव्हे. सुदाम्याच्या त्या चिंधीत देण्याची ओढ होती म्हणून.

म्हणून माझ्या भगिनींना आणि मातांना सांगणे आहे. घरी जुने निळे ताट असेल तर यंदा ते निःशंकपणे बाहेर काढा. स्वच्छ धुवा, गौरीपुढे मांडा, त्यावर पान घालून करंज्या रचा. कथा माहीत असेल तर सांगा. आरती झाली की तेच ताट उचलून सर्वांत आधी त्या घरच्या सुनेच्या हाती द्या आणि तिच्या हस्ते, दारी आलेल्या प्रत्येकाला, वॉचमनला, इस्त्रीवाल्याला, कामाच्या बाईंना त्यातला प्रसाद द्या. रिकामे झालेले ताट धुऊन, पुसून पुन्हा कपाटात ठेवा. मूळ नक्षत्रावर गौर परत जाईल. ताट पुढच्या वर्षापर्यंत वाट पाहील. ज्येष्ठागौरी आपणा सर्वांच्या घरी धनाची शुचिता आणि मनाची उदारता नांदवो, हीच तिच्या चरणी प्रार्थना.